फूस लावली म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते. प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. यजमान नाहीत. एकुलती मुलगी 23 वर्षांची आहे. बी.कॉम. झाली आणि जवळच्या एका होमस्टेचं बुकिंग आणि हिशेब बघते. तिथे पर्यटकांना स्कूबाला नेणाऱ्या बोटीवर दापोलीकडच्या हर्णै गावचा एक मुलगा कामाला आहे, 27 वर्षांचा. दोघांचं जमलंय. गणपतीत तो घरीही येऊन गेला, मखराच्या दिव्यांची वायर त्यानेच जोडून दिली. आता वाडीत बोलणं सुरू झालंय, ‘मास्तरणीच्या चेडवाक फूस लावल्यान.’ माझा भाऊही तेच म्हणतो. बहिणीचा मुलगा मुंबईत वकील आहे. तो फोनवर म्हणाला, ‘मावशी, हे सरळ सिडक्शन आहे, केस होऊ शकते.’ मी मुलीला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, ‘माका कोण फूस लावतलो? मी काय ल्हान आसंय?’ तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. जन्मभर मुलांकडून शब्दार्थ पाठ करून घेतले, पण हा शब्द मला उमगत नाही. सिडक्शन म्हणजे नेमकं काय? कुठून आला? आपल्यात त्याला शब्द कोणता? आणि माझ्या मुलीला तो लागू होतो का? (तो आमच्यातला नाही, हेही सांगून ठेवते.)

ताई,

शब्दार्थ घालणाऱ्या बाईंनी शब्दार्थ विचारलाय, तेव्हा आधी शब्दच घेते. लेकीचं मग. भाच्याचं शेवटी, तो थांबेल, वकिलांना पुढच्या तारखेची सवय असते.

सिडक्शन इंग्रजीत आला लॅटिनमधून. मूळ क्रियापद ‘सेदूकेरे’. त्यातलं ‘से’ म्हणजे वेगळं, बाजूला, आणि ‘दूकेरे’ म्हणजे नेणे. बाजूला नेणे, झालं. चार माणसांच्या घोळक्यातून एखाद्याला ‘जरा इकडे या, बोलायचंय’ म्हणून खांबाआड नेलं तरी जुन्या रोमन माणसाला हा शब्द चाले. त्यात ना चांदणं होतं, ना अत्तर. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या लॅटिनमध्ये त्याला पापाचा रंग चढला. बाजूला म्हणजे सन्मार्गाच्या बाजूला, श्रद्धेपासून दूर. इंग्रजीत तो स्थिरावला तेव्हा चाकराला धन्यापासून किंवा सरदाराला राजापासून फोडण्यासाठी वापरत. शरीराचा अर्थ सोळाव्या शतकात मागाहून आला आणि पोटभाडेकरूने घर बळकवावं तसा सगळा शब्द बळकावून बसला.

जुना अर्थ मात्र मेला नाही. इंग्रजांनी 1860 साली आपल्यासाठी जो दंडविधान संमत केला, त्याच्या 131 व्या कलमात हाच शब्द होता आणि तो होता सैनिकाबद्दल, खलाशाबद्दल. त्याला त्याच्या निष्ठेपासून किंवा कर्तव्यापासून ‘सिड्यूस’ करायचा प्रयत्न केला तर शिक्षा. या अर्थाला मराठीत झणझणीत शब्द आहे, फितवणे. ज्या मुलखात दर दोन खाड्यांमागे एक किल्ला, त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. तट चढून जाण्यापेक्षा आतला माणूस फितवणं नेहमीच स्वस्त पडलं. आता गंमत बघा. किल्लेदार फितला तर आपण किल्लेदाराला शिव्या देतो. मुलगी ‘भुलली’ तर मात्र भुलवणाऱ्याला चार शिव्या देतो आणि मुलीला उचलून कपाटात ठेवतो. किल्लेदाराला अक्कल होती असं आपण धरून चालतो. मुलीबद्दल तेवढंही धरत नाही.

त्या ‘दूकेरे’चं कुटुंब मोठं आहे, आणि तुम्ही ते रोज बघता. एस.टी.चा कंडक्टर त्यातलाच, सोबत घेऊन जाणारा. इंट्रोड्यूस करणे म्हणजे आत नेणे, घरात घेऊन जाऊन ओळख करून देणे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि लॅटिनमध्ये पुरुषाने लग्न करणे यालाही हेच क्रियापद, बायको ‘नेणे’.

आपल्याकडे याचा जुळा भाऊ आहे, संस्कृतातला ‘नी’ धातू. त्याचाही अर्थ नेणे. मुंजीत मुलाला गुरूजवळ नेतात, ते उपनयन. दूर नेलं की अपनयन. शब्द रचून बघितला तर सेदूकेरेची ही हुबेहूब मूर्ती. अग्नीभोवती फिरवून नेलं की परिणय, म्हणजे लग्न. आणि प्रणय? तोही त्याच धातूचा, पुढे नेणे. तुम्ही व्याकरण शिकवलंय, तुम्हाला आनंद होईल म्हणून सांगते. प्रणय, परिणय आणि अपनयन यांत धातू एकच आहे, बदलतो तो फक्त उपसर्ग. वाडीतली मंडळी सध्या तुमच्या मुलीला उपसर्ग लावतायत. मराठीत ‘उपसर्ग’ या शब्दाचा दुसरा अर्थ उपद्रव असाही आहे, हा भाषेचा आपल्यावर केवढा उपकार!

पण दोन्ही भाषांत एक गोष्ट खटकतेच. लग्न असो की पळवणं, नेणारा कोणीतरी पुरुष आणि नेली जाणारी बाई. ती चालली, असं कुठलाच शब्द म्हणत नाही.

आपले खास देशी शब्द बघू गेलं तर ते नेण्याबद्दल नाहीतच, शुद्ध हरपण्याबद्दल आहेत. मोह हा ‘मुह्’ धातूचा, गोंधळणे, भान जाणे. मूढ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ. गीतेच्या शेवटी अर्जुन म्हणतो, ‘नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा’, मोह गेला, आठवण परत आली. म्हणजे मोहाची उलट बाजू पुण्य नव्हे, आठवण. मराठीतली भूलही तशीच. भूल पडते तशी भूल देतातही, शस्त्रक्रियेच्या आधी. तिथे भूलतज्ज्ञ आधी तुमची सही घेतो, हे मला फार सभ्य वाटतं. आणि मोहिनी तर देवच. समुद्रमंथनात विष्णूने मोहिनीचं रूप घेऊन अमृताचा घडा देवांकडे वळवला. सरळ सरळ फसवणूक, पण आपण तिचं देऊळ बांधलं. गोव्यात म्हार्दोळला जी म्हाळसा आहे, तिला मोहिनीचंच रूप मानतात आणि कोकणातली कितीतरी घरं तिला कुलदेवता म्हणून नारळ ठेवतात. तेव्हा मोहून टाकणं हा गुन्हा आहे असं आपल्या पूर्वजांचं सरसकट मत दिसत नाही. कोण मोहवतो आणि घडा कोणाकडे जातो, यावर सगळं होतं. तेही पुन्हा उपसर्गासारखंच.

आमिष हा शब्द वेगळ्या जातीचा. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. निरामिष म्हणजे शाकाहारी, हे तुम्हाला ठाऊक असेल. गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून खाडीत टाकतात ना, ते आमिष. ‘लग्नाचे आमिष दाखवून’ ही वर्तमानपत्रातली ओळ इतकी झिजलीय की त्यात एक मासा आणि एक गरी आहे हे कोणाला दिसतही नाही. तुमच्या दारापुढच्या समुद्रात तर आमिषही लागेनासं झालंय. एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडायचे, मासळी उजेडाला भुलून गोळा होते, की जाळं आवळायचं. केंद्र सरकारने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी त्यावरून पारंपरिक मच्छीमारांची ओरड थांबलेली नाही. मला विचाराल तर सिडक्शनचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. पण माशाला विचारायची सोय नसते. तुमच्या मुलीला होती. तुम्ही विचारलंत आणि तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं.

आता माझा लाडका शब्द. सेदूकेरेला कोकणातला खरा प्रतिशब्द मला विचाराल तर तो फूस नाही, मोह नाही. चकवा. आपल्याकडे म्हणतातच, चकवो लागलो. रात्री सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, येणाऱ्या माणसाला ओळखीची वाट सापडेनाशी होते. कोणीतरी पुढे चालतोय असं वाटतं, माणूस त्याच्या मागे जातो आणि पहाटे बघावं तर तिथल्या तिथेच गोल फिरतोय. बाजूला नेणे, अक्षरशः.

आमचं मूळ घर देवगड तालुक्यात. माझे आजोबा एका साली शेजारच्या गावच्या जत्रेला दशावतार बघायला गेले. नाटक पहाटे संपतं, त्यांनी सकाळी घरी यायचं. ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी, धोतराला काटे, चेहरा उतरलेला. ओटीवर टेकले आणि म्हणाले, चकवो लागलो. घर हललं. शेजारणी जमल्या. कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या, कोणी विचारलं, वहाणा उलट्या पायांत का नाही घातल्या, कोणी म्हणालं, सदरा उलटा करायचा होता. थोरल्या काकाने कुठल्या आंब्याखाली चकवा भेटतो ते सांगायला सुरुवात केली. आजी काही बोलली नाही. तिने खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा चाचपला, आत येऊन पानाचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘चकव्याक पैशे कित्याक लागतत?’

जत्रेत पत्त्यांचा डाव बसला होता, हे मग हळूहळू बाहेर आलं.

चकव्याइतका सोशिक कोणी नाही. सगळा दोष अंगावर घेतो आणि कधी साक्ष द्यायला येत नाही. आजोबा स्वतःच्या पायांनी डावाला बसले होते, हे वाक्य आमच्या घरात कोणीच उच्चारलं नाही, आजीनेसुद्धा नाही. ‘फूस लावली’ हे वाक्य तेच काम करतं. ते दिसतं मुलाबद्दल, पण असतं मुलीबद्दल. ती गेली, तिने निवडलं, असं म्हणायचं नाही म्हणून मध्ये एक चकवा उभा करायचा. पुरुषांच्या बाबतीत चकवा त्यांची अब्रू वाचवतो, म्हणून त्यांना तो आवडतो. तुमच्या मुलीला तो आवडला नाही. ‘मी काय ल्हान आसंय?’ असं तिने म्हटलं, यात मला उद्धटपणा दिसत नाही. तिने चकवा नाकारला, आणि आमच्या आजोबांना जे जमलं नाही ते तिने केलं.

फूस या शब्दाबद्दल एवढंच की तो मुळात प्रेमाचा नाहीच. कोणाला भांडायला, बंड करायला उठवलं तरी आपण म्हणतो, यामागे अमक्याची फूस आहे. माझ्या कानाला त्यात कुजबुज ऐकू येते, कानाशी लागलेलं तोंड. बातम्यांत तो येतो ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले’ असा, आणि तिथे तो योग्यच आहे. 18 वर्षांखालच्या मुलीला पालकांच्या ताब्यातून नेलं किंवा भुलवून बाहेर काढलं तर कायदा तिची संमती होती की नाही हे विचारात घेत नाही, आणि घेऊ नये. तुमची मुलगी 23 वर्षांची आहे. तिला तो शब्द लावणं म्हणजे तिचं वय पाच वर्षांहून जास्त कमी करणं.

तरीही, ताई, मी तुम्हाला ‘काही काळजी करू नका’ म्हणणार नाही. फसवणारे असतात. सज्ञान मुलींनाही फसवतात आणि शिकलेल्या मुली शिकलेल्या पद्धतीने फसतात. म्हणूनच मला तो लॅटिन शब्द आपल्या फुसेपेक्षा कामाचा वाटतो. कारण त्यात कसोटी दडलेली आहे. तो विचारतो, बाजूला नेतोय का?

तुम्ही हेच बघा. हा मुलगा तिला तिच्या माणसांपासून तोडतोय का? मैत्रिणींकडे जाणं कमी झालंय का, फोन लपवते का, पगार कुठे जातो हे सांगायला अडखळते का, ‘आईला आत्ताच सांगू नकोस’ हे वाक्य त्याच्याकडून आलंय का? तो स्वतःबद्दल जे सांगतो, ते तपासता येईल असं आहे का? तुमच्या पत्रात तर उलटंच दिसतं. तो गणपतीत दिवसाउजेडी दारातून आत आला, स्टुलावर चढून वायर जोडली. फूस लावणारा माणूस मखराची वायर जोडत बसत नाही, निदान मी तरी पाहिला नाही. पण ही अर्धीच बाजू झाली. त्याने तुमच्या घरात पाऊल टाकलं, तुमच्या मुलीने त्याच्या घरात टाकलंय का? हर्णैला त्याच्या आईला ती ठाऊक आहे का, आणि नावानिशी की ‘कामावरची एक मुलगी’ म्हणून? तोच मघाचा शब्द, इंट्रोड्यूस. ज्याला बाजूला न्यायचंय, तो आत नेत नाही. हे तुम्ही मुलीला सरळ विचारू शकता. मात्र विचारण्याआधी ‘मी तो शब्द वापरायला नको होता’ असं म्हणा. नाहीतर ती प्रश्न ऐकणार नाही, जुना शब्दच ऐकेल.

तुमच्या कंसाबद्दल. ‘तो आमच्यातला नाही’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, कंसात, जाता जाता लिहिलंय. तुम्ही मुलांच्या वह्या तपासल्यात, तुम्हाला माहीत आहे की मुलं खरं उत्तर समासात लिहितात. जात की धर्म, ते लिहिलं नाहीत आणि मला जाणून घ्यायचंही नाही. पण मुलगा तुमच्यातला असता, हेच दोघं, हीच बोट, हीच वायर, तर वाडीने फूस म्हटलं असतं का? ‘स्वतः शोधल्यान, बरा झाला’ म्हणाली असती आणि पेढे मागायला आली असती. तुमची अडचण जातीची किंवा धर्माची असेल तर ती त्याच नावाने मांडा. मला ती पटणार नाही, तुमच्या मुलीला तर नाहीच, पण त्यावर भांडता तरी येईल. फुसेवर भांडता येत नाही, कारण त्यात मुलीला मतच नसतं. आणि वेळ आलीच तर 1954 चा विशेष विवाह कायदा दोन्ही प्रकारच्या अडचणींना चालतो. 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत वाडी बोलून बोलून थकते.

व्यवहाराचं एक सांगते. जून लागला की पाण्यावरचे खेळ पावसाळ्यापुरते बंद होतात आणि यांत्रिक बोटींची मासेमारीही जून-जुलैत बंद असते. हा मुलगा मग बहुधा हर्णैला जाईल. मालवणहून एस.टी.ने एक दिवस मोडतो. माझं मत विचाराल तर त्याला जाण्याआधी एकदा जेवायला बोलवा, बांगड्याचं तिखलं करा, भावाला बोलवू नका. आणि जेवता जेवता सांगा की पावसात एकदा आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ म्हणतो, घरी विचारून दिवस कळव. तो दिवस कळवतो की सबबी सांगतो, यावरून तुम्हाला जे कळेल ते मी दहा पत्रं लिहूनही सांगू शकणार नाही. सबबी सांगितल्या, तर मला परत लिहा, मग मी वेगळ्या सुरात बोलेन.

राहिला भाचा. मी वकील नव्हे, पण सज्ञान मुलीने आपल्या मर्जीने कोणाला भेटण्याचा गुन्हा होत नाही, एवढं मला कळतं. 2024 च्या 1 जुलैपासून नवी न्याय संहिता आली. तिच्या 69 व्या कलमात लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथे फसवणूक झाली हे दाखवावं लागतं, आणि फसवणूक झाली की नाही हे सांगायचं ते मुलीने, मावसभावाने नव्हे. त्याला ‘सिडक्शन’ हा शब्दच कायद्यात पाहायचा असेल, तर त्याला सैनिक-खलाशांना फितवण्याचं ते कलम दाखवा, ते नव्या संहितेतही आहे. आणि सांगा की पोरगा बोटीवर काम करतो खरा, पण नौदलात नाही. तेव्हा आपल्या मुलीवरही केस होत नाही.